बठ्ठं ठीक शे

साखरेचा त्रास असलेला कुणी हे वाचत असेल, तर त्याने आधी पायातलं काढावं आणि तळपाय बघावा. बोटांच्या बेचक्यांसकट. वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला बघायला सांगावं, त्यात लाज कसली. झालं? आता पुढे वाचा. मला घाई नाही, हल्ली मी बसूनच असतो.

मी फौजेत हवालदार होतो. पस्तीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर आमची गाडी दरीत गेली आणि माझा डावा पाय गुडघ्याखालून गेला. पण ही गोष्ट त्या पायाची नाही. तो गेला तो गेला. ही उजव्याची गोष्ट आहे. उजवा मी माझ्या मूर्खपणाने घालवायला निघालो होतो, आणि तेही वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, नवी गिरणी टाकताना.

एक सरकारना, एक मना

आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यापासून आत. गावातली पिठाची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. बायका दळण डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला जायच्या. तिथला गिरणीवाला कळणा दळायला नाक मुरडायचा. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालीचे उडीद, त्यात मीठ, सगळं एकत्र दळायचं. आमच्याकडे थंडीत दुसरी भाकरी घशाखाली उतरत नाही. उडीद दगडाला चिकटतात, नंतरच्या गव्हाला वास लागतो, म्हणून तो बायकांना 'उद्या या, परवा या' करायचा.

मी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून अठरा वर्षं बसून नुकताच मोकळा झालो होतो. मला काम पाहिजे होतं. पेन्शन येते, पोट भरतं, पण सकाळी उठून हजर व्हायला जागा नसली की माणूस कुजतो. मी ठरवलं, घराला लागूनच गिरणी टाकायची. दोन चक्क्या, एक गव्हा-बाजरीला आणि एक फक्त कळण्याला.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. सुमन तिचं नाव. माहेर शिंदखेड्याकडचं, त्यामुळे घरात अहिराणीच चालते, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं'. तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "एक पायवर दिनभर उभा राहशात?"

"दोन शेतस," मी म्हणालो. "एक सरकारना, एक मना."

ती हसली नाही. नकली पाय सरकारी, त्यावरचा हा विनोद मी मात्र नंतर गावभर सांगितला. पानटपरीवर एकजण म्हणालाही, "हवालदार, बसा आते गुमान. पाय नही तं कसानी गिरणी?" तो हसत म्हणाला, मीही हसलो, पण ते वाक्य माझ्या काळजात रुतून बसलं. पुढचं सगळं त्या वाक्यापायी झालं असं मी म्हणणार नाही. पण निम्मं तरी झालंच.

साखरेचं म्हणाल, तर ती मला चार वर्षांपूर्वीच सांगितली होती. एका शिबिरात बोट टोचून डॉक्टर म्हणाले होते, साखर आहे, गोळ्या घ्या, पायाला जपा. गोळ्या मी पाच-सहा महिने घेतल्या. मग काही होत नाहीसं बघून सोडल्या. आणि पायाला मी जपतच होतो की. रोज संध्याकाळी नकली पाय काढायचा, आतून ओल्या फडक्याने पुसायचा, पट्टे बघायचे, डाव्या गुडघ्याखालचा खुंट धुऊन, टिपून, पावडर लावून तपासायचा. पुण्याला कृत्रिम पाय बसवला तेव्हा शिकवलेली ही शिस्त मी एक दिवस चुकवली नव्हती. उजव्या पायाला मी आंघोळीच्या वेळी तांब्याभर पाणी टाकायचो. बस. तो चांगला होता ना. चांगल्याला कोण बघतं?

कपची

चक्क्या जुन्या घेतल्या, धरणगावकडच्या एका बंद गिरणीतल्या. मुहूर्त धरला आखाजीचा. इथे अक्षय्य तृतीयेला सगळे आखाजीच म्हणतात, आणि दिवाळीपेक्षा तिचं कौतुक जास्त. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावर मांडे होतात, घरोघरी पितरांची घागर भरतात. त्या दिवशी गिरणीला नारळ फोडायचा आणि पहिला कळणा दळायचा, असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. आमची एकुलती एक मुलगी वैशाली धुळ्याहून येणार होती.

दगड झिजलेले होते. दगड झिजला की पीठ दळलं जात नाही, नुसतं रगडलं जातं, गरम होतं आणि भाकरीला चिरा पडतात. म्हणून छिन्नीने दगडाला नव्याने खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. आखाजीला सहा दिवस असताना टाकी लावणारा आला. गव्हाचे दगड त्याने केले. कळण्याच्या दगडाच्या खाचा जरा रुंद पाहिजेत, ते त्याच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, आण इकडे छिन्नी. चष्मा लावून गोणीवर बसलो आणि स्वतः ठोकायला लागलो. चैत्र सरतानाचं ऊन, वर पत्रा. उजव्या पायातला बूट काढून बाजूला ठेवला होता. काम झाल्यावर घातला आणि नाडी बांधली.

राजस्थानात पोस्टिंग होतं तेव्हा बूट उलटा करून दोनदा आपटल्याशिवाय आम्ही पाय घालत नसू. विंचू असायचे. आता गावात, स्वतःच्या गिरणीत, कसला विंचू?

संध्याकाळी बूट काढला तेव्हा त्यातून दगडाची एक कपची पडली. हरभऱ्याच्या डाळीएवढी. ओली होती. मी ती हातात घेऊन बघत बसलो. दिवसभर मी तिच्यावर उभा होतो, चाललो होतो, पन्नास किलोची गोणी ओढली होती, आणि मला काही कळलं नव्हतं. करंगळीच्या खाली तळव्याला भोक होतं. दाबून बघितलं, दुखेना. आणि गंमत ऐका, न दुखण्याचा मला आनंद झाला. म्हटलं, चला, फार लागलेलं नाही.

हळद भरली, चिंधी बांधली, वर मोजा चढवला. कपची कोपऱ्यात भिरकावून दिली.

तिसऱ्या दिवशी सुमन धुणं धुताना म्हणाली, "हाऊ मोजा वला कसा?"

आमच्याकडे धुण्यात मोजा एकच असतो, लपवायला दुसरा नाही.

"पानी सांडनं," मी म्हणालो.

"आनि हाऊ वास?"

"बूट जुना शे. बठ्ठं ठीक शे, तू तुन्हं काम कर."

तिने तो मोजा बाकी धुण्यातून वेगळा काढला. मी चक्कीचा पट्टा घट्ट करायला लागलो. त्या पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

खोटं का बोललो? मला आजही नीट सांगता येत नाही. फौजेत आजारी पडलेल्या जवानाला सकाळी 'सिक रिपोर्ट' करावा लागतो. वेगळ्या रांगेत उभं राहायचं. त्या रांगेतल्या माणसाकडे बाकीचे कसे बघतात ते मला माहीत होतं, कारण मीही तसाच बघायचो. कामचोर. त्या रांगेत मी एकदाही उभा राहिलो नव्हतो आणि त्याचा मला माज होता. त्यात मुहूर्त तोंडावर आलेला. दवाखान्यात गेलो तर टपरीवरचा तो म्हणणार, मी काय सांगं व्हतं?

पाचव्या दिवशी ताप आला. गोळी घेतली, घाम आला, ताप उतरला. कामाला लागलो.

पाया पडणं

आखाजीला सकाळी घागर भरली, पूजा झाली, आणि दहाच्या सुमाराला सगळे गिरणीपाशी जमले. वीस-पंचवीस माणसं, बायका कळण्याच्या पाट्या घेऊन रांगेत. समोरच्या निंबाला झोका बांधलेला, त्यावर पोरी गाणी म्हणत होत्या. मी पांढरा सदरा घातला होता. अंगात कणकण होती, पण चेहऱ्यावर काही येऊ द्यायचं नाही एवढं मला जमतं.

वैशाली आली. पोरीची जात, कुठल्याही शुभकामाच्या आधी बापाच्या पाया पडणार. ती पाया पडते तेव्हा फक्त उजव्या पायाला हात लावते. लहानपणी एकदा तिने विचारलं होतं, "आबा, लाकडाच्या पायाला नमस्कार पोहोचतो का?" मी म्हटलं होतं, नाही पोहोचत बेटा, तू खऱ्याला कर. तेव्हापासून तिचा हात तिथेच जातो.

ती वाकली. बुटावर हात ठेवला. आणि वर आलीच नाही.

मला वरून तिच्या केसांतला गजरा दिसत होता. तिचा हात बुटावरून घोट्यावर सरकला, मोज्याच्या वर, नडगीवर. तिथे थांबला.

"आबा, बूट काढा."

"नारळ फुटू दे आधी."

"आबा, पाय भट्टीसारखा तापलाय. वास येतोय. बूट काढा."

"लोक उभे आहेत, वैशू. बठ्ठं ठीक शे."

तिने मान वर केली. ती रडत नव्हती, चिडलेली होती. तिने नाडी सोडली आणि बूट ओढला. मोजा निघेना, चिकटला होता. झोक्यावरचं गाणं थांबलं. मी खाली बघितलं नाही, मी सुमनकडे बघितलं. तिच्या हातात नारळ होता. तिने तो जमिनीवर ठेवला, घरात गेली आणि पिशवी भरायला लागली.

करंगळी काळी पडली होती. हे मला गाडीत कळलं, धुळ्याच्या रस्त्यावर.

पेनाची रेघ

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. साखर साडेचारशेच्या वर निघाली. त्यांनी काडीने माझा तळवा ठिकठिकाणी टोचला आणि विचारलं, "काका, कळतंय?" मी विचारलं, "सुरुवात केली का?" त्यांनी काडी खाली ठेवली.

मग त्यांनी सांगितलं, आडपडदा न ठेवता. साखरेने पायाची जाणीव गेलेली आहे. जखम आतून पसरली आहे. करंगळी जाणारच. बाकी पाय राहील की नाही हे आज सांगता येत नाही. खिशातून बॉलपेन काढलं आणि घोट्याच्या चार बोटं वर, जिथे लाली संपत होती तिथे, पायाभोवती एक रेघ ओढली.

"लाली या रेघेच्या वर चढली, तर मला गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. उशीर केला तर जिवावर बेतेल."

फौजेत आयुष्य गेलं, रेघ म्हणजे काय ते मला शिकवायला नको. पण आपल्याच अंगावर सीमा आखलेली मी पहिल्यांदा बघितली.

दवाखान्याचा दिवस लांब असतो. सहाला सुई, सातला चहा बिनसाखरेचा, मग सलाईन, मग पट्टी. पट्टी सोडताना मी छताकडे बघायचो. सिस्टर एक होत्या, यावलकडच्या, फार बोलायच्या. केळीच्या भावापासून सासूपर्यंत सगळं. पट्टी सुटून परत बांधून होईपर्यंत त्यांची एक गोष्ट बरोबर संपायची. ते त्या मुद्दाम करायच्या हे मला फार उशिरा कळलं. त्या बाईचं मी देणं लागतो.

बाकी वेळ मी रेघेकडे बघायचो. दर थोड्या वेळाने. डोळे ताणून. मनात एकच चाललेलं होतं: एक पाय नसलेला माणूस गिरणी चालवू शकतो. दोन नसलेला? गोणी कोण उचलणार, पट्टा कोण चढवणार, संडासला कोण नेणार? सुमन? तिला स्वतःला सांधेदुखी. या वयात मी तिच्या गळ्यातलं लोढणं होणार. मला मरणाची भीती वाटत नव्हती हो. मला खुर्चीची भीती वाटत होती.

सुमन उशाशी बसायची आणि माझ्याशी बोलायची नाही. डॉक्टरांशी बोलायची, सिस्टरशी बोलायची, फळं कापून पुढे ठेवायची. माझ्याशी एक शब्द नाही. दोन दिवस.

पत्र

तिसऱ्या दिवशी पहाटे मला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. घोंगडी गच्च धरून मी थंडी दाबली. आणि जांघेत एक गाठ हाताला लागली, सुपारीएवढी, हात लावला की ठणकणारी. रेघेकडे बघितलं. लाली रेघेच्या खालीच होती. मी स्वतःला समजावलं, रेघ महत्त्वाची, गाठीचं काय. गाठीचं सांगितलं तर हे लगेच पाय कापायला नेतील.

डॉक्टर राउंडला आले. "काका, कसं वाटतंय?"

"ठीक आहे, सर."

"थंडी, ताप? कुठे दुखतंय का?"

"नाही सर. एकदम ठीक."

ते पुढच्या खाटेकडे वळले. सुमन उठून उभी राहिली. मला वाटलं फळं कापायला सुरी घेतेय. ती माझ्या पायथ्याशी आली आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. हळू आवाजात बोलली, शेजारच्या खाटेवरच्यालाही ऐकू गेलं नसेल.

"तुमनं ठीक माले चांगलं माहित शे. पाय कापाई गया तव्हय बी तुम्ही ठीक लिखं व्हतं."

खरं होतं ते. दरीतून काढल्यावर दोन आठवड्यांनी मी दवाखान्यातून तिला अंतर्देशीय पत्र लिहिलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लिहिलं होतं, 'आठे बठ्ठं ठीक शे, काळजी करू नको.' पुढच्या पत्रातही तेच. त्याच्या पुढच्याही. चार महिन्यांनी मी पारोळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा ती मला घ्यायला आली होती, नवं लुगडं नेसून. मी कुबड्यांवर होतो आणि पँटचा एक पाय दुमडून पिन लावलेला होता. तिने ते स्टँडवर, शंभर माणसांसमोर बघितलं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नव्हती. नंतरही कधी नाही. मला वाटलं होतं, ती विसरली.

"ती बठ्ठी पत्रं मी पेटीमा ठेयेल शेतस," ती म्हणाली. "तुम्ही माले वाचाडा करता लिखं नही. तुमले मना सामने रडता येत नही, म्हनीसन लिखं. मी चार महिना देवले नारय फोडत व्हतू, नवरा ठीक शे म्हनीसन."

पदराने तोंड पुसून ती बाहेर व्हरांड्यात गेली.

मी पडून राहिलो. दात वाजत होते. आयुष्यात एवढा शरमिंदा मी झालो नव्हतो. तिला वाचवायला नाही, स्वतःला वाचवायला मी खोटं लिहीत आलो, हे तिला तेव्हापासून माहीत होतं आणि मला आत्ता कळत होतं. आणि आत्ता, या घडीला, मी तेच पत्र चौथ्यांदा लिहिलं होतं, डॉक्टरांच्या नावाने.

सिस्टर समोरून जात होत्या. मी हाक मारली.

"सिस्टर, डॉक्टरांना परत बोलवा. सिक रिपोर्ट द्यायचा आहे."

"काय द्यायचंय?"

"ठीक नाहीये म्हणावं. खोटं बोललो. पहाटेपासून हुडहुडी आहे. जांघेत गाठ आलीय. आणि," मी थांबलो, कारण पुढचं मी कधी कुणाला म्हटलेलं नव्हतं, "आणि मला भीती वाटतेय."

त्या धावतच गेल्या.

सही

डॉक्टरांनी जांघ बघितली, मग तळवा दोन्ही अंगठ्यांनी दाबला. मला कळलं नाही, पण परत आत आलेल्या सुमनने तोंड फिरवलं. आत, तळव्याच्या मधोमध, पू साठला होता. वरून दिसत नव्हता. रेघ त्याला ओलांडायची गरजच नव्हती, तो खालून चालला होता.

"दुपारपर्यंत थांबलो असतो तर हा पाय गेला असता," डॉक्टर म्हणाले. "आत्ता नेतो. उघडून बघतो. किती वाचतो ते टेबलावरच कळेल."

कागद आला. त्यात लिहिलं होतं, गरज पडल्यास गुडघ्याखालून काढण्यास माझी संमती आहे. मी पेन घेतलं. फौजेत भरतीच्या दिवशी केली तशी सही करावी म्हटलं, पण नाव ओळीच्या बाहेर गेलं. सुमनने माझ्या सहीखाली आपली सही केली. तिची सरळ आली.

स्ट्रेचरवर मी तिला म्हणालो, "माले भ्याव वाटी राह्यनं."

तिने माझा हात धरला. "माले बी," ती म्हणाली. दरवाज्यापर्यंत तिने तो सोडला नाही.

देखा

कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला होता. समोर हिरवा पडदा. हत्यारांचे आवाज येत होते, डॉक्टर काहीतरी हळू सांगत होते. मी झोपेत-जागेत होतो.

परत खाटेवर आणलं तेव्हा पायावर पांघरूण होतं. आणि हळूहळू मला उजव्या पायाची बोटं जाणवायला लागली. पाचही. करंगळीला खाज सुटली होती.

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. मी गार पडलो. नसलेल्या पायाचीही बोटं खाजतात, हे मला पस्तीस वर्षं माहीत आहे. डाव्या पायाची बोटं अजून कधी कधी आखडतात. त्यामुळे खाज येते म्हणजे पाय आहे, असं माझ्यासाठी नव्हतं. उलट करंगळी तर नक्की गेलेली, आणि खाजत तीच होती. मला उठता येत नव्हतं. मान उचलली तर पांघरुणाचा उंचवटा दिसत होता, पण उशीचाही असू शकतो.

सुमन शेजारी होती. मी विचारलं, "पाय शे का?"

मला वाटलं, ती म्हणेल ठीक शे. कुणीही म्हटलं असतं. आणि तिने म्हटलं असतं तरी माझा विश्वास बसला नसता, कारण तो शब्द मीच बाटवून ठेवला होता.

तिने शेजारी उभ्या वैशालीकडे हात केला. तिच्या पर्समधला पंजाएवढा गोल आरसा घेतला, पायथ्याशी गेली, पांघरूण बाजूला केलं आणि आरसा तिरका धरला.

"देखा," ती म्हणाली.

आधी छत दिसलं, मग पंखा, मग पांढरी पट्टी. पट्टीच्या टोकाला अंगठा, त्याच्या शेजारी दोन बोटं. तिथे पट्टी वळून मागे गेली होती. टाच होती. घोटा होता. घोट्याच्या वर, औषधाने पुसट झालेली, निळी रेघ होती.

मी रडलो. पस्तीस वर्षांचं राहिलेलं त्यात आलं असावं. सुमनने आरसा खाली केला नाही. माझं होईपर्यंत ती तशीच धरून उभी होती.

पुढचं

जखम भरायला साडेतीन महिने लागले. मध्ये दोनदा वाटलं, पाय परत जातोय. ते सगळं सांगत बसत नाही. घरी खाटेवर होतो तेव्हा मी सुमनवर खेकसलो, तिने एकदा ताट आपटलं, वैशाली आणि जावई दर रविवारी येत राहिले. आजारपणात माणसं संत होत नाहीत.

गिरणी पोळ्याच्या आधी सुरू झाली. नारळ नाही, मांडव नाही. एका साध्या मंगळवारी सुमनने बटण दाबलं. धान्य ओतणं आता तिच्याकडे, ते सोपं जावं म्हणून चक्कीच्या तोंडापाशी पायरी करून घेतली आहे. मी उंच खुर्चीवर बसतो, पीठ पडतं तिथे. चिमटीत घेऊन बघतो, जाड की बारीक, गरम की गार. कळण्याला बायका तीन गावांहून येतात. टपरीवरचाही येतो. पहिल्या दिवशी डबा ठेवून म्हणाला, "हवालदार, बठीसन बी चालस की गिरणी." मी म्हटलं, चालते बाबा, ठेव डबा.

बूट खास करून घेतला आहे. घालण्याआधी उलटा करून दोनदा आपटतो. रोज सकाळी, उजेड असताना, गिरणी उघडण्याआधी सुमन तो आरसा घेऊन येते. मी पाय वर करतो. ती बघते, मी बघतो. डाव्याची शिस्त होती तशीच आता उजव्याचीही.

आखाजी

यंदा आखाजीला वैशाली आली. घागर भरून झाली होती. निंबाला झोका होता. गिरणी चालू होती, कारण ऐनवेळी कुणाचं तरी मांड्यांचं पीठ कमी पडतंच.

ती माझ्यासमोर आली आणि वाकायच्या आधी हात पुढे करून थांबली. मी बूट काढला, आपटला, बाजूला ठेवला. मोजा काढला. ती खाली बसली, पाय मांडीवर घेतला, तळवा उजेडाकडे वळवला. टाच बघितली. राहिलेल्या तीन बोटांच्या बेचक्या एकेक करून उघडून बघितल्या. जिथे दोन नाहीत तिथल्या व्रणावरून अंगठा फिरवला. रांगेतल्या बायका बघत होत्या, बघू देत.

सुमन पायरीवर उभी होती, हातात पाटी. चक्कीच्या आवाजात तिने ओरडून विचारलं, "कसं शे व वैशू?"

वैशालीने पाय खाली ठेवला, त्यावर डोकं टेकवलं, आणि मग वर बघून म्हणाली, "ठीक शे माय. मी देखं."

सुमनने पाटी ओतली.